सातवा वाटा

टीव्हीच्या कार्यक्रमासाठी आम्ही सहाजण खडकवासल्याच्या पाण्याकाठी आदिमानवांसारखे राहत होतो. माशांचे वाटे मी घालायची. बकरी ईदला घरी कुर्बानीच्या मटणाचे वाटेही मीच घालते; माझा हात चुकत नाही. तरी इथे रोज सात वाटे पडायचे आणि सातवा नाहीसा व्हायचा.

दिग्दर्शक घाबरले. "फरहतताई, आपण शूटिंग थांबवूया."

"खाणाऱ्यानं खुशाल खावं. मी कुठेही जाणार नाही."

आज दुपारी मी हट्टानं सहाच वाटे घातले. पाचजणांनी आपापले उचलले. माझं पान रिकामं होतं.

पाचही जण माझ्यासमोरच बसले होते. मी मागे न बघता हात पाठीमागे नेला. "माझा वाटा इकडे दे."

तळहातावर मासा पडला. सकाळी मीच दगडानं चिरलेला, मीच भाजलेला.

तो तडफडत होता.