संजीवनीची अट

दर रविवारी बाबा आणि मी कागद आणि फासे घेऊन गोष्टीचा खेळ खेळायचो. गोष्ट बाबा रचायचे, नियमही तेच सांगायचे. माझं पात्र मिश्र वर्गाचं होतं, अर्धं योद्धा, अर्धं वैद्य. त्यांचं पात्र म्हणजे एक कुरकुऱ्या म्हातारा भालाईत, कायम माझ्यासोबत.

शेवटच्या रविवारी पलंगावर उशीला टेकून त्यांनी खिंडीतल्या लढाईत भालाइताला मारून टाकलं.

"थांबा, मी संजीवनी विद्या घेते. माझे तेवढे गुण साठलेत."

"ती फक्त वैद्याला मिळते."

"मग मी कोण आहे?"

"तू अर्धी वैद्य. अर्ध्याला चालत नाही."

"हा रडीचा डाव झाला, बाबा!"

"पुस्तकातला नियम आहे, बाळ. वकिली पुरे. त्याला राहू दे तिथे, तू खिंड ओलांड."

मी तणतणत फासे टाकले. माझी योद्धा एकटीच पलीकडे गेली.

"छान पडले," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आज तीन महिन्यांनी ते नियमांचं जाडजूड पुस्तक मी पहिल्यांदाच स्वतः उघडलं. संजीवनीच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: मिश्र वर्गाचं पात्र दोन्ही वर्गांचं धरावं, त्याला दोन्हींकडच्या विद्या घेता येतात.

"बाबा, सापडलं! मी बरोबर होते!" मी रिकाम्या घरात ओरडले.

मग आठवलं, हे पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं.