तीनदा लागला, तीनदा विझला

“लागला!”

मालकीणबाईंचा आवाज ऐकून समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तीस वर्षं तो हे ऐकत होता. या गॅरेजमधून गाडी बाहेर पडायची तर मालकीणबाई तिच्या मागे ब्रेकचा दिवा बघत उभ्या राहणार, आतल्याने ब्रेक दाबला की “लागला” आणि सोडला की “विझला” म्हणणार, तेही तीन वेळा. नवरा होता तेव्हा तो आत बसायचा. आता सून बसते.

“विझला!”

आजची गाडी पिवळी स्पोर्ट्स कार होती, इतकी बुटकी की मालकीणबाईंना कंबरेत वाकावं लागत होतं. तिच्या मालकाने बाहेरून वेगळा ब्रेक लाइट विकत आणला होता. डिकीवरच्या पंखाच्या कडेला बसणारी लांब लाल पट्टी. सकाळी सुनेच्या हातात पक्कड बघून त्याने मालकीणबाईंना विचारलं होतं, “मेकॅनिक कुठे आहे?”

“ही काय, समोर उभी आहे.”

“नाही, म्हणजे तुमचा मुलगा?”

“मुलगा आत सीट कव्हरं शिवतोय. सुरेख शिवतो. गाडी पेटवून हवी असेल तर तारा जोडायला बोलावते त्याला.”

मग दोन तास तो सुनेच्या डोक्यावर उभा राहिला. सुनेने डिकीचं अस्तर उचकटलं, एकही क्लिप तुटू दिली नाही. पट्टीच्या तारांचे रंग गाडीच्या तारांशी जुळत होते, तरी तिने रंगावर विश्वास ठेवला नाही. एकेक तार टेस्टरने तपासली आणि मगच जोडली. मालकीणबाई स्टुलावरून सगळं बघत होत्या. ऊर भरून येत होता, पण चेहरा कोरा. सुनेचं कौतुक तिच्या तोंडावर करायची या घरात पद्धत नव्हती, आणि ती पद्धत घातली होती मालकीणबाईंनीच.

“लागला!” तिसऱ्यांदा. “विझला! घ्या, घेऊन जा गाडी. माझा शब्द आहे.”

चावी गाडीतच ठेवून सून उतरली. नेहमीप्रमाणे बोटांचे डाग पुसायला फडकं घेऊन मागे आली. फडक्याची सावली पट्टीवर पडली आणि तिचा हात थांबला. दोन्ही तळव्यांचा आडोसा करून तिने आत डोकावलं. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता, आणि पट्टी निखाऱ्यासारखी मंद लाल जळत होती.

तिने सासूकडे बघितलं. काहीतरी बिनसलंय, एवढं सासूला कळलं.

“साहेब, अर्धा तास अजून,” सून म्हणाली. “बल्ब शाबूत आहे का बघायला गाडी तारेत जरासा करंट सोडत असते. जुन्या बल्बला तो जाणवत नव्हता. ही पट्टी तेवढ्यावरही जळते. तो करंट खाणारा एक रेझिस्टर लावते, की झालं.”

“एवढ्या उन्हात कुणाला दिसतंय ते? मला उशीर होतोय.” गाडीवाला मालकीणबाईंकडे वळला. “आणि विझला म्हणून तीन वेळा सांगितलंत ना तुम्ही? वर शब्द दिलात.”

मालकीणबाईंनी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, “आईंचं बरोबर आहे. त्या म्हणाल्या तेव्हा विझलेलाच होता. नंतर लागला असेल.”

तारेच्या बाबतीत सून खोटं बोलली, असं मालकीणबाईंनी आजवर ऐकलं नव्हतं.

त्या वाकल्या. सुनेसारखाच तळव्यांचा आडोसा केला. आतली मंद लाली त्यांनाही दिसली. मग सरळ झाल्या आणि समोरच्या चष्मेवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“विझला नव्हता. मला दिसला नाही. डोळे म्हातारे झालेत ते माझे, गॅरेजचे नाहीत. तुम्ही कधी थांबताय ते मागच्याला कळायला नको? दिवा सदाचाच जळत राहिला, तर तो सांगणार काय? बसा तिथे.”

स्टूल त्यांचं स्वतःचं होतं. त्यावर दुसऱ्या कुणाला बसू दिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. गाडीवाला त्यावर बसला.

रेझिस्टर लागला. डिकीचं अस्तर जागेवर बसलं. सून हात पुसून सवयीने पुढच्या दाराशी आली, तर दार उघडून मालकीणबाई आधीच उभ्या.

“सरक. आज मी बसते.”

“आई, सीट फार खाली आहे हो.”

“बसता आलं तर उठताही येईल. नाहीच आलं तर तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून ओढा. तू मागे जा. आणि ओरडायचं, पुटपुटायचं नाही.”

एका हाताने दार, दुसऱ्या हाताने छत धरून, साडी सावरत त्या विहिरीत उतरावं तशा आत उतरल्या. चप्पल काढून ठेवली. अनवाणी पायाने ब्रेक चाचपला आणि दाबला.

मागून सुनेचा आवाज आला.

“लागला!”

समोर चष्मेवाल्याने मान वर केली, ती वरच राहिली. आतलं शिलाई मशीन थांबलं.

“विझला!”

एकदा. दोनदा. तीनदा. झालं. गाडीवाला उठला आणि दाराशी येऊन उभा राहिला.

मालकीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. समोर बघत, सुनेचा तो आवाज अजून एकदा ऐकायला, त्यांनी ब्रेक चौथ्यांदा दाबला.