सोबत

निजामाच्या कचेरीतल्या कमरोद्दीनमियांनी आपल्या लेकीला, जोहराला, छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं, ते एका अटीवर. टांग्याला पडदा आणि सोबतीला घरची बाई हवी. त्यांची विधवा बहीण वहिदा तीन वर्षं वर्गाच्या दाराबाहेर सुपारी कातरत बसली.

तिसरी होताच जोहराचं लग्न ठरलं आणि शाळा सुटली. तरी चौथीच्या पहिल्या दिवशी टांगा फाटकात थांबला. वहिदा एकटीच उतरली.

“आज कुणाच्या सोबतीला?” सिस्टरनं विचारलं.

वहिदानं बुरख्यातून जोहराची पाटी काढली. “कुणाच्याच नाय. माझं नाव घाला.”

“बरं. पहिलीत घालते.”

“पहिलीत कशाला?” वहिदा उंबरा ओलांडत म्हणाली. “चौथीत घाला. तीन इयत्ता बाहेर बसून झाल्यात माझ्या.”