कानसेनांची परीक्षा

“बस, बंद करा! चाळीस सेकंद पुरेत मला.”

दुकानदाराने यंत्र थांबवलं. हा हुकूम सोडणाऱ्या गिऱ्हाइकाला मित्र कानसेन म्हणत, आणि ही थट्टा ते पदवीसारखी मिरवत. समोर दोन सीडी ट्रान्सपोर्ट मांडले होते, एक चंदेरी, एक काळा. सीडी फिरवायची, तिच्यावरचं वाचायचं आणि पुढच्या यंत्राकडे धाडायचं, एवढंच यांचं काम. किंमत मात्र ऐकूनच घाम फुटावा अशी. स्पीकर झाले, अ‍ॅम्प्लिफायर झाला, वायरीसुद्धा तीनदा बदलून झाल्या. आता एवढंच राहिलं होतं. बायको या वेळी पहिल्यांदाच सोबत आली होती. तिने ‘हो’ म्हटलं तरच घ्यायचं, असं कानसेनांनी मोठ्या मनाने जाहीर केलं होतं. ती सोफ्याच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

परीक्षेची सीडी ठरलेली. बायकोच्या ऑफिसातल्या गायनवृंदाने बारा वर्षांपूर्वी काढलेली. त्यातलं दुसरं गाणं. सुरुवातीला घंटेचे तीन ठोके, मग व्हायोलिनं. तिसरा ठोका कसा विरतो त्यावरून यंत्राची जात कळते, असा त्यांचा सिद्धांत. तेवढं ऐकायचं आणि बंद करायचं. घरी काय, दुकानात काय, रीत तीच.

“साहेब, एवढं महागाचं यंत्र मी असं घाईत देत नाही,” दुकानदार म्हणाला. “काळ्यावर एक गाणं तरी पूर्ण होऊ द्या.”

कानसेन नाइलाजाने बसले. घंटा झाली, व्हायोलिनं झाली, वीस-बावीस गळे एकदम उठले. मग सगळे मागे सरले आणि एक बाई एकटीच गाऊ लागली. वर जाताना तिचा आवाज जरासा चिरला.

“सापडलं!” कानसेनांनी मांडीवर थाप मारली. “काळ्यात खोट आहे. आणि ही बाई तरी कोण? एवढ्यांत हिलाच पुढे करायचं काय नडलं होतं?”

दुकानदाराने सीडीच्या डबीवरचा फोटो पाहिला, मग सोफ्याकडे पाहिलं, आणि तो लख्ख असलेलं यंत्र पुसू लागला.

“ती मीच,” बायको म्हणाली. “यंत्राला कशाला नावं ठेवता? त्या दिवशी अंगात ताप होता माझ्या.”

कानसेनांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाणं चालूच होतं. पुढची ओळ तिने इतकी गोड म्हटली होती, की त्यांना मान वर करवेना. घंटेचा ठोका कुठे विरतो ते सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखता आला नव्हता, आणि तेही परक्या माणसासमोर. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिली.

“अगं, पण...”  त्यांनी सवयीने दोष तिच्यावरच ढकलू पाहिला. “तू एकटी गायलीस, हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“सीडी आली त्याच संध्याकाळी सांगितलं होतं,” पर्स उचलत ती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, ‘या डबड्यावर तुझा आवाज वाया जाईल गं. आधी चांगली यंत्रं येऊ देत, मग निवांत ऐकतो.’”