रात्रीची भिंत

टीव्हीवर हर्षदा दिसली तशी शेजारच्या सारिकाने शिट्टी मारली. खरी हर्षदा खाली परातीपाशी बसून शेंगा फोडत होती.

"वैनी, नुसतं एवढं सांगा. जिंकलाव का हारलाव?"

"सांगता येत न्हाई गं. सही करून दिलीय मी. कार्यक्रम लागूस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

"नवऱ्याला तरी, मल्हारभावजींला, सांगितलं असंल."

"त्यांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या कुरकुंभला कळलं असतं."

हर्षदाच्या सासूबाई अनसाबाई हसल्या. सासरे तात्याबा हसले नाहीत. सुनेने त्यांना मुद्दाम टीव्हीच्या समोर बसवले होते, आणि का बसवले ते त्यांना कळत नव्हते.

खेळ साधा होता. शब्दकोडी रचणारे दोघे जण. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी एक कोडे रचायचे, आणि दुसऱ्याने ते ठरल्या वेळात सोडवायचे. कोड्यातला शब्द पंचांच्या कोशात सापडला नाही, तर रचणारा बाद. ही शेवटची फेरी होती. हर्षदासमोर पुण्याचे सत्यजीत सर होते, तीस वर्षे कोडी रचणारे. त्यांचे कोडे तिने सोडवले होते. सर तिच्या कोड्यावर अडले होते.

सगळे भरले होते, एकच घर रिकामे होते. पडद्यावर खूण मोठी झाली. 'रात्रीची भिंत, सकाळी घोड्यावर. तीन अक्षरे.' पहिले वा. शेवटचे र.

तात्याबांनी वळून सुनेकडे पाहिले.

"घातलास व्हय तू त्यो?"

"घातला, मामा."

"नगं म्हणलो हुतो की."

कडब्यावर पांघरलेल्या जुन्या जाळ्याला काय म्हणतात, असे तिने एकदा विचारले होते. त्यांनी सांगितले, मेंढरांमागे फिरताना ते सकाळी घोड्यावर कसे लादायचे तेही. ती कोड्यात घालणार म्हटल्यावर मात्र तीनदा नको म्हणाले. असले शब्द पुस्तकात नसतात पोरी, हसतील तुला. अक्षरे त्यांना पासष्टाव्या वर्षी तिनेच शिकवली होती, तिच्या कोड्याच्या चौकटीत, एका घरात एक. तेव्हापासून त्यांनी एसटीच्या पाट्या वाचल्या, खताच्या गोण्या वाचल्या, लग्नाच्या पत्रिका वाचल्या. तो शब्द कुठे भेटला नव्हता.

घंटा झाली. रिकाम्या घरात अक्षर उमटले. वाघूर.

सर हसले. वाईट हेतूने नाही, मोठ्या माणसाने लहानाला हसावे तसे. "क्षमा करा, ताई. असा शब्द मराठीत नाही."

स्टुडिओत बसलेली माणसेही हसली.

तात्याबा आपल्या पायांकडे पाहू लागले. "माझ्यापायी गेलं पोरीचं," ते म्हणाले.

"गप बसा वं," अनसाबाई म्हणाल्या. "अजून संपलं कुठं? सुतक धरून बसलाय आधीच."

पंच म्हणून एक बाई होत्या. त्यांच्यापुढे जाड पुस्तकांची रांग होती. त्यांनी त्यातले एक ओढले. पाने पिवळी पडलेली. त्यांचे बोट पानावरून खाली उतरू लागले. सारिका नख चावत होती. हर्षदाला सगळे ठाऊक होते, तरी तिचा हात परातीत थांबला. ती टीव्हीकडे बघत नव्हती, सासऱ्यांकडे बघत होती.

बोट थांबले. सगळा पडदा त्या पानाने भरला.

तात्याबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि टीव्हीला चिकटून उभे राहिले.

"आबा, सरका की! काय दिसंना आमाला."

"राहू दे गं," अनसाबाई म्हणाल्या. "वाचू दे त्यांला."

त्यांनी काचेवर बोट ठेवले. वा. घू. र. प्रत्येक अक्षरापाशी थांबून, जणू प्रत्येक आपापल्या घरात बसले आहे. मग पुढे. मेंढरांभोवती. रात्री. लावायचे. जाळे. पंचबाई तेच वाचत होत्या. त्यांचे वाचून झाले तरी तात्याबांचे चालूच होते.

"शब्द ग्राह्य," बाई म्हणाल्या. "हा कोश नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. सर, आपल्यालाच ठाऊक नव्हता."

सारिका ओरडली आणि हर्षदाच्या गळ्यातच पडली. परात कलंडली, शेंगा घरभर झाल्या. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. तात्याबांचे बोट अजून काचेवर होते, फेसात.

"नव्वद," ते म्हणाले. "म्हंजी माझ्या आज्याच्या टायमाला."

"व्हय, मामा."

"लिव्हणारा तर शेरातला असंल. त्याला कसं कळलं?"

"कुणीतरी इचारायला आलं असणार."

"कुठं? रानात?"

"रानातच की. शेरात कुठं असती वाघूर?"

तात्याबा खाली बसले. जाहिरात संपून टीव्हीवर टाळ्या चालू होत्या, त्यांच्या सुनेला मोठा हार घालत होते, पण ते तिकडे बघत नव्हते.

"म्हंजी शिकल्याला मानूस," ते सावकाश म्हणाले, "चिखलाकाट्यातनं आला. मेंढरापशी उकिडवा बसला. आन् आपल्यातल्या कुनाला तरी इचारलं, ह्याला काय म्हंता म्हणून. आन् सांगितल्यालं लिवून घेतलं."

अनसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घरात कुणी वडीलधारे आल्यावर करतात तसा.

"मग," त्यांनी विचारले, "दूध तरी दिलं का त्याला कुनी?"