तिसरा खड्डा
माझा भाऊ कासियान हिमस्खलनात गेला. छे, कुठे गेला! हा काय, माझ्यासमोर उतारावर खड्डा खणतोय. बर्फाचे थर तपासायचे आणि स्कीवरून थेट आईच्या सूपापर्यंत. त्याने बर्फाचा खांब कापला, फावडं टेकवून हलकी थाप मारली. वरचा थर ताटासारखा घसरला. मी म्हणालो, “दादा, नापास, हा थर सुटणार. वळसा घालून जाऊ.” “अरे, ही जागाच खराब आहे.” दुसऱ्या खड्ड्यातही तेच. “आता डोंगरच खराब म्हण.” “गप रे भित्र्या, सूप निवतंय.” तिसरा खड्डा त्याने खडकाच्या आडोशाला खणला. तिथला थर हलला नाही. “बघ, बहुमत!” तिनांत एक हे बहुमत मी मुकाट्याने मान्य केलं. तो निघाला, पाठोपाठ अख्खा उतार निघाला. चौथा खड्डा मी खणतोय. सबब, सदर उतारास नम्र विनंती की, कासियान यास चालू स्थितीत त्वरित परत करावे.