भाऊबीजेचा पाट

जीवन आईच्या पाया पडला नाही.

तीन वर्षांनी मस्कतहून आलेला माणूस. विमानाने मुंबई, रात्रभर रेल्वेने परभणी, मग पॅसेंजरने चुडावा. ओसरीत बॅग ठेवून "आलो" म्हणाला आणि तानुबाईंसमोर नुसता उभा राहिला. तानुबाईंनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

"बजरंग न्हाई आला?"

"न्हाई. दोघांना एकदम रजा न्हाई देत."

"बरं," तानुबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

वैष्णवीला मात्र ते लागलं. ती धाकटी, पेडगावला दिलेली. दोन्ही भाऊ तिकडं एकाच कंपनीत, एकाच खोलीत राहायचे. यंदा दोघं येणार म्हणून ती धनत्रयोदशीलाच माहेरी येऊन बसली होती. दोघांना शेजारी शेजारी बसवून ओवाळायचं, एवढंच मनात होतं. एक तर एक, अशी तिनं मनाची समजूत घातली.

पण आलेला हा एकही न आल्यासारखाच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उटण्याची वाटी घेऊन गेली तर "राहू दे" म्हणाला. त्याच्यासाठी मुद्दाम भरून घेतलेली नवी गादी तशीच राहिली, साहेब खाली चटईवर झोपले. करंजीला हात लावला नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचा, तेही भिंतीकडं बघून.

फराळाचं ताट घेऊन आलेली शेजारची रुख्मिणी जाताना हळूच म्हणाली, "तिकडचं पाणी लागलं की असंच होतंय बाई. आपलं काईच गोड लागत न्हाई मग."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वैष्णवीनं विषय काढला. "दादा, बजरंगला फोन लाव की. तोंड तरी बघू त्याचं."

"ड्यूटीवर हाय तो."

"मग संध्याकाळी लाव."

"बघू."

संध्याकाळी तिनं स्वतःच लावून पाहिला. फोन बंद होता. म्हणजे दोघांचं काहीतरी बिनसलंय, हे तिनं ओळखलं. तिला रागही आला आणि भीतीही वाटली. एका खोलीत राहणारे सख्खे भाऊ तुटले तर माहेर म्हणून काय राहतं?

त्या दिवशी पूजाही तिनंच केली. आईचं अंग दुखत होतं.

पाडव्याला जीप ठरवून तिघं पोखर्णीला गेले. पोरं परदेशी निघाली तेव्हा तानुबाई नरसिंहाला नारळ बोलल्या होत्या. देवळासमोर जीप थांबली तरी जीवन जागचा हलला नाही.

"चल की," वैष्णवी म्हणाली.

"तुमी जाऊन या."

तिनं आईकडं पाहिलं. आई चार शब्द सुनावेल असं तिला वाटलं होतं. तानुबाईंनी नारळाची पिशवी तिच्या हातात दिली. "माझे गुडघे लय दुखायलेत. तूच चढव."

वैष्णवी एकटीच आत गेली. नवसाचं काही आठवेना. भाऊ होता तसा परत दे, एवढंच तिनं मागितलं. बाहेर आली तेव्हा मायलेक जीपमध्येच बसले होते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तबकात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या. तीनदा हाका मारल्यावर जीवन आला आणि दारातच थांबला.

"बस."

"नको, वैष्णवी."

"मला काई नको तुझ्याकडून. नुसता बस पाटावर."

"पुढच्या साली बसतो."

मग मात्र तिचा बांध फुटला. "आईच्या पाया पडायची लाज, देवापुढं जायची लाज, आता बहिणीपुढं बसायची बी लाज? लय मोठा झालास का रं दादा? बजरंग असता तर न बोलावता येऊन बसला असता! तू आलास कशाला मग?"

जीवननं मान वर केली नाही. त्याच्या तोंडावर राग नव्हता, वाईट वाटल्याचंही काही दिसत नव्हतं.

तानुबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. त्यांनी वैष्णवीच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. आता आई ह्याला चांगलं झाडणार, असं वैष्णवीला वाटलं, आणि तिला जरा बरंही वाटलं.

तानुबाईंनी जीवनचा हात धरून त्याला खाली बसवलं. त्याही शेजारी बसल्या. हात सोडला नाही.

"पाच दिस वाट बघितली, तू सांगशील म्हणून," त्या म्हणाल्या. "बजरंगचा दहावा कवा हाय, लेकरा?"